उंदीर पडले, ताप आला, कोणी नोंदवले? नगर जिल्हा आणि लक्षणांवरून साथ ओळखण्याचा इतिहास

१.
ऑगस्ट १९९४. बीड जिल्ह्यातील मामला हे लहानसे गाव. महिन्याच्या आरंभीच गावकऱ्यांची तक्रार आली, की घरांत पिसवा फार झाल्या आहेत आणि उंदीर मरून पडत आहेत. सुमारे तीन आठवड्यांनी त्याच गावात ताप आणि जांघेत गाठ असलेले रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि लाखो माणसे शहर सोडून निघाली. जगाने भारताची विमाने आणि माल अडवला.

२.
त्या तीन आठवड्यांत निदान झालेला रुग्ण एकही नव्हता. खूण मात्र होती, आणि ती गावाने सांगितलीही होती. रोगाचे नाव कळण्याआधी त्याच्या खुणा मोजायच्या, या पद्धतीला आज ‘लक्षणाधारित सर्वेक्षण’ म्हणतात. मामल्याच्या शेजारी असलेल्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या आधाराने या पद्धतीचा इतिहास पाहू. #थ्रेड

३.
प्रथम कल्पना समजून घेऊ. रुग्णाचा नमुना घेणे, तो प्रयोगशाळेत पाठवणे, अहवाल येणे यात दिवस जातात. तोवर विहिरीचे तेच पाणी सारे गाव पीत असते. पण ‘या आठवड्यात वाडीवर नऊ जणांना जुलाब झाले, एरवी एखाद-दोघांना होतात’ एवढे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. रोग कोणता हे त्यावरून ठरत नाही. काहीतरी बिघडले आहे आणि कोठे पाहायला जायचे, एवढे ठरते.

४.
मराठी माणसाला ही दृष्टी नवी नाही. आपल्या भाषेतील रोगांची जुनी नावेच पाहा. हिवताप म्हणजे थंडी भरून येणारा ताप. गाठीचा ताप म्हणजे प्लेग. कावीळ म्हणजे पिवळेपण. डांग्या खोकला आवाजावरून ओळखावा. १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाला लोकांनी नाव दिले मानमोडी. जंतू कोणता हे या नावांत कोठेच नाही. डोळ्यांना काय दिसते आणि अंगाला काय जाणवते, ते आहे.

५.
प्लेगच्या काळात तर खेड्यांनी स्वतःची पूर्वसूचना पद्धतच बसवली होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले आणि पुढे साथ दख्खनेत पसरली. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द कानी आले, की गाव घरांना कुलपे लावून रानात झोपड्या बांधून राही. त्या आठवणी पुढच्या कित्येक पिढ्यांनी घरोघरी ऐकल्या.

६.
ही अंधश्रद्धा नव्हती. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरा आसरा शोधतात आणि माणसाला चावतात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पिसवांची ही भूमिका १८९८ मध्ये मांडली, आणि शास्त्रीय जगाने ती पूर्णपणे स्वीकारायला आणखी काही वर्षे घेतली. उंदरांच्या मरणाचा अर्थ शेतकऱ्याने अनुभवातून लावला होता. मामल्याची १९९४ मधील तक्रार त्याच जातीची होती. फरक इतकाच, की मधल्या काळात ती ऐकणाऱ्याचा कान मोडला होता.

७.
पण पाळत ठेवण्याचा दुसरा चेहराही याच साथीने दाखवला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली सैनिक घरांत शिरून रुग्ण शोधू लागले. देवघर, माजघर, स्त्रियांची अब्रू यांची पर्वा राहिली नाही. परिणाम असा झाला, की लोक आजारी माणूस लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ती घटना सर्वांना ठाऊक आहे.

८.
सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने यातला धडा वेगळा आहे. जी यंत्रणा लक्षण सांगणाऱ्याला शिक्षा करते, तिला लक्षणे कळेनाशी होतात. ताप आल्याचे सांगितले तर घरातील माणूस उचलून नेतील, सामान जाळतील, ही भीती बसली की गावातला ताप कागदावरून नाहीसा होतो. प्रत्यक्षात तो वाढतच असतो.

९.
मृत्यू मोजून साथ ओळखण्याची रीत त्याहून बरीच जुनी. सतराव्या शतकातील लंडनमध्ये प्रत्येक भागात काही वृद्ध, गरीब स्त्रिया मृतदेह पाहून कारण सांगत आणि त्याचे साप्ताहिक तक्ते छापले जात. १६६२ मध्ये जॉन ग्राँट या कापड व्यापाऱ्याने त्या तक्त्यांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. आकडेवारीशास्त्राच्या पायाशी अशा, वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या बायकांची निरीक्षणे आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा. जामखेडला पोहोचल्यावर ती पुन्हा लागेल.

१०.
इंग्रजी अमलात आपल्याकडे हे काम गावकामगारांकडे आले. जन्ममृत्यूची नोंद गावात होई, तेथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला जाई. नोंदवणारा डॉक्टर नव्हता, म्हणून मृत्यूच्या कारणांचे रकानेही मोजकेच: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात आणि ‘इतर’. वैद्यकीय निदानाऐवजी ही लक्षणांचीच वर्गवारी होती.

११.
यातला ‘ताप’ हा रकाना सर्वांत मोठा आणि सर्वांत फसवा. हिवताप, विषमज्वर, फुप्फुसाचा दाह, बाळंतज्वर, जे काही अंग तापवून नेई ते सारे त्यात पडे. वर्षानुवर्षे तो रकाना भरलेलाच असे, त्यामुळे त्यात नवे काही आले तरी चटकन दिसत नसे.

१२.
मग १९१८ आले. जूनच्या १० तारखेला मुंबईच्या गोदीवर काम करणारे सात पोलीस शिपाई हिवतापाखेरीज अन्य तापाने रुग्णालयात दाखल झाले. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट उठली, आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेने आणि परतणाऱ्या माणसांबरोबर रोग देशावर चढला.

१३.
त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात धान्य महाग, चारा दुर्मिळ आणि माणसे आधीच खंगलेली. मानमोडीने नेली ती मुख्यतः तरणी माणसे, म्हणजे नांगर धरणारी आणि चूल सांभाळणारी. मुंबई इलाख्यात मृत्यूंचा अंदाज दहा लाखांच्या आसपास आहे. साऱ्या हिंदुस्थानात तो सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत सांगितला जातो.

१४.
हे ‘अंदाज’ का आहेत? कारण गावच्या नोंदवहीत इन्फ्ल्युएन्झा असा रकानाच नव्हता. नोंदी ‘ताप’ या खात्यात आणि काही श्वसनविकारांत गेल्या. पुढे अधिकाऱ्यांनी मागील वर्षांची सरासरी काढली, ती १९१८ च्या आकड्यांतून वजा केली, आणि उरलेली वाढ इन्फ्ल्युएन्झाची मानली. आज आपण ज्याला ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतो तीच ही रीत.

१५.
म्हणजे गावातला माणूस चुकीचे लिहीत नव्हता. त्याने ताप पाहिला, ताप लिहिला. तो कागद वेळेत कोणी वाचला नाही. गावाहून निघालेली नोंद वर पोहोचून तिची बेरीज होईपर्यंत लाट ओसरलेली असे. त्या व्यवस्थेचा हेतूही मुळात सावध करण्याचा नव्हता, हिशेब ठेवण्याचा होता. नगर जिल्ह्याची लोकसंख्या १९११ ते १९२१ या दशकात वाढण्याऐवजी घटली, हे त्या हिशेबातून नंतर कळले.

१६.
लक्षण पाहून तत्काळ धावण्याची रीत स्वातंत्र्यानंतर देवीच्या निर्मूलनाने रुजवली. १९७३ नंतरच्या मोहिमेत कार्यकर्ते देवीच्या फोडांचे चित्र घेऊन घरोघर, बाजारात, शाळांत फिरत आणि विचारत, ‘असा रुग्ण पाहिलात का?’ खबर देणाऱ्याला बक्षीस मिळे. मे १९७५ मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. नारूचेही तसेच: पायातून बाहेर येणारा जंत ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला.

१७.
आता जामखेड. नगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा, बीड आणि धाराशिवला लागून असलेला हा दुष्काळी तालुका. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य येथे आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रजनीकांत याच जिल्ह्यातील राहुरीचे. दोघांचे शिक्षण वेल्लोरला झाले, पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. अर्भकमृत्यूचे प्रमाण तेव्हा दर हजार जन्मांमागे १७६ होते.

१८.
आरंभी त्यांनी गावागावांत शिकलेल्या परिचारिका नेमून पाहिल्या. योजना फसली. बाहेरून आलेली तरुण नर्सबाई गावात एकटी राहायला धजत नसे आणि गाव तिला आपली मानत नसे. तेव्हा दोघांनी दिशा बदलली: गावानेच आपल्यातील एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचे. निवडल्या गेलेल्यांत निरक्षर, दलित, परित्यक्ता अशा कितीतरी स्त्रिया होत्या.

१९.
शिकवणी एकदाच होऊन संपणारी नव्हती. ठरल्या दिवशी जामखेडला यायचे, आठवड्यात गावात काय पाहिले ते सांगायचे, नवे काही शिकायचे आणि परत जायचे. कोणाला ताप आहे, कोणाचे मूल सुकत चालले आहे, कोणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे, कोणाचा खोकला महिना झाला तरी थांबत नाही: हे सारे त्या बाईच्या डोक्यात असे. लिहिता येत नव्हते म्हणून नोंद नव्हती, असे समजण्याचे कारण नाही.

२०.
डॉक्टरला रुग्ण दिसतो. गावातल्या बाईला रुग्ण होण्याआधीचा माणूस ठाऊक असतो. कालपर्यंत पाणवठ्यावर येणारी आज का आली नाही, हे तिला कळते. साथीच्या शास्त्रात ‘नेहमीचे प्रमाण’ ही सर्वांत मोलाची माहिती असते, कारण नेहमीचे ठाऊक असल्याखेरीज वेगळे ओळखता येत नाही. जामखेडच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या हे नेहमीचे प्रमाण जगत होत्या.

२१.
त्यांच्या हाती उपायही होता, आणि ही बाब निर्णायक ठरली. जुलाब दिसले की मीठ-साखरेचे पाणी, चट्टा दिसला की तपासणी, गरोदर बाईला वेळेत रुग्णालय. सांगितले की काही घडते, हे गावाने पाहिले, म्हणून गाव सांगत राहिले. रँडच्या पुण्यात जे मोडले होते ते येथे जोडले गेले. दोन-तीन दशकांत अर्भकमृत्यूचे प्रमाण १७६ वरून पंचविशीच्या आत आले.

२२.
१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘लोकांनी राबवलेले आरोग्य’ या आशयाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. तीन वर्षांनी आल्मा-आता येथे प्राथमिक आरोग्यसेवेची जागतिक घोषणा झाली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभर आलेल्या आशा कार्यकर्त्यांच्या कल्पनेमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव आहे.

२३.
लक्षण मोजून जीव वाचतो, याचा काटेकोर पुरावा गडचिरोलीतून आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातील कार्यकर्त्यांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. ना एक्स-रे, ना रक्ततपासणी. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

२४.
श्रीमंत देशांनाही हा धडा गिरवावा लागला. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. जुलाबाची औषधे दुकानांतून झपाट्याने संपत होती; औषधविक्रेत्याला साथ दिसत होती, प्रयोगशाळेला अजून नाही. त्यानंतर अमेरिकी शहरे औषधविक्री, रुग्णवाहिकांचे फोन आणि अपघात विभागातील तक्रारी मोजू लागली.

२५.
त्यानंतर वर्षभराने मामला. भारतातील प्लेगचा आधीचा खात्रीचा रुग्ण १९६६ मधील होता. अठ्ठावीस वर्षांत प्लेगवरची नजर सैल पडली. मामल्याविषयीचे एक स्पष्टीकरण असे, की १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घराबाहेर राहिले, घरात धान्य राहिले आणि उंदीर माजले. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत त्या वर्षी भारतात संशयित ८७६ रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत. घबराटीचे नुकसान याच्या कितीतरी पट होते.

२६.
त्या नामुष्कीतून व्यवस्था उभी राहिली. १९९७-९८ मध्ये पाच जिल्ह्यांपासून राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने १०१ जिल्ह्यांत गेला. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यातील राज्यांपैकी एक. प्रत्येक जिल्ह्यात सर्वेक्षण कक्ष आणि प्रत्येक आठवड्याला तीन कागद: एस, पी आणि एल.

२७.
एल म्हणजे प्रयोगशाळेचा, पी म्हणजे डॉक्टरच्या संशयाचा, आणि एस म्हणजे लक्षणांचा. एस फॉर्म उपकेंद्रावरची आरोग्यसेविका किंवा सेवक भरतो. त्यात रोगाची नावे जवळपास नाहीतच. सात दिवसांच्या आतला ताप: नुसता, पुरळासह, रक्तस्रावासह, गुंगीसह. सात दिवसांहून लांबलेला ताप. तीन आठवड्यांच्या आतला आणि त्यापुढचा खोकला. पाण्यासारखे जुलाब, कावीळ, पंधरा वर्षांखालील मुलाच्या अंगातील बळ अचानक जाणे. आणि शेवटी, ‘कशातच न बसणारे’.

२८.
प्रत्येक रकान्यामागे एक विचार आहे. ताप आणि पुरळ म्हणजे गोवर असू शकतो. ताप आणि रक्तस्राव म्हणजे डेंग्यू. मुलाचा पाय लुळा पडणे म्हणजे पोलिओ नाही ना, हे पाहायलाच हवे. याच रकान्यावर नजर ठेवून भारताने जानेवारी २०११ मध्ये आपला शेवटचा पोलिओ रुग्ण गाठला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला.

२९.
इशाऱ्याची पातळीही अनुभवातून ठरलेली आहे. पाच वर्षांवरील एकाही माणसाला जुलाबाने तीव्र शोष पडला किंवा मृत्यू आला, तर धावायचे. का? लहान मूल अनेक कारणांच्या जुलाबांनी कोमेजते. धडधाकट प्रौढ एका दिवसात पाण्यावाचून सुकला तर पटकीची शंका प्रथम घ्यावी. मग पथक गावात जाते, शौचाचे नमुने घेते, विहिरीत आणि टाकीत टीसीएल पावडर पडली का ते ओटी चाचणीने पाहते.

३०.
महाराष्ट्रात याला जोडून आणखी एक रीत आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. जलवाहिनी गटारातून गेलेली, गळती, ब्लीचिंगचा साठा नाही, अशा गावाला लाल कार्ड. म्हणजे लक्षण माणसात उमटण्याआधी पाण्यात शोधायचे. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या आणि पहिल्या पावसात गढूळ पाणी पिणाऱ्या नगरच्या दक्षिण भागात या कार्डाचा रंग फार बोलका असतो.

३१.
या जाळ्याला भोके आहेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बहुतेक रुग्ण आधी खासगी डॉक्टरकडे किंवा थेट औषधाच्या दुकानात जातात. त्यांचा ताप एस फॉर्मवर येत नाही. दुसरे म्हणजे शून्य. ‘या आठवड्यात रुग्ण नाही’ ही मोलाची माहिती आहे, पण गावात न जाता लिहिलेले शून्यही कागदावर तसेच दिसते. आणि तिसरे, एकेका आशाताईच्या अंगावर इतकी सर्वेक्षणे आहेत, की ताप विचारायला जाताना तिच्या हातात दुसऱ्याच चार वह्या असतात. मोबदल्यासाठी तिला वारंवार आंदोलन करावे लागले आहे.

३२.
नगरपुरते एक चौथे भोक आहे: माणसाचे हलणे. पाथर्डी-जामखेड भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले कुटुंब आपल्या गावच्या उपकेंद्राच्या यादीत असते आणि फडातल्या कोपीवर आजारी पडते. गाव म्हणते ते येथे नाहीत. कारखान्याकडचे गाव म्हणते ते आमचे नाहीत. त्या कोपीतला जुलाब दोन्ही यादींच्या मधल्या जागेत हरवतो. आषाढात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीला जाते, तेव्हा मात्र वाटेवर आरोग्य पथके उभी राहतात. वारी सर्वांना दिसते. तोडकरी दिसत नाही.

३३.
कोविडने या जुन्या शिस्तीची पुन्हा परीक्षा घेतली. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघर जाऊन अंगाचे तापमान आणि रक्तातील प्राणवायू मोजू लागली. चाचणीआधी लक्षण शोधण्याचाच तो प्रयत्न होता. २०२१ मध्ये नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावातील पथकांनी घरोघर तपासणी करून साथ आटोक्यात आणली आणि ते उदाहरण राज्यभर सांगितले गेले.

३४.
हिवरे बाजारला हे जमले त्यात नवल नाही. ते गाव अनेक वर्षे पाऊस आणि भूजल मोजून पिकांचा हिशेब ठरवते. जे गाव विहिरीची पातळी मोजते, त्याला तापाची पातळी मोजणे परके वाटत नाही. पण त्याच जिल्ह्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये रुग्णसंख्येमुळे ६१ गावे टाळेबंद करावी लागली, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. एका आदर्श गावाने जिल्हा सुटत नाही.

३५.
५ एप्रिल २०२१ पासून एस फॉर्मचा कागद संगणकीय मंचावर आला. नोंद आता आठवड्याची वाट न पाहता पाठवता येते. तरीही जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतील बळ जाणाऱ्या गुलियन-बॅरे विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा खूण उमटली ती रुग्णालयांत. एरवी क्वचित दिसणारे रुग्ण एकाएकी इतके का, हा प्रश्न डॉक्टरांना पडला. पुढे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि बोट दूषित पाण्याकडे वळले. फॉर्ममधला तो रकाना पोलिओसाठी, पंधरा वर्षांखालील मुलांसाठी आखलेला होता. या वेळी रुग्णांत प्रौढही होते.

३६.
म्हणून ‘कशातच न बसणारे’ हा शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाकीचे रकाने मागच्या साथींनी आखून दिले आहेत. पुढची साथ त्यांत बसेलच असे नाही. मामल्याच्या पिसवा माणसाच्या कोणत्याच लक्षणात बसत नव्हत्या. १९१८ चा ताप बसला, पण तो नेहमीच्या तापांत बुडून गेला.

३७.
सव्वाशे वर्षांचा हा इतिहास एका ओळीत सांगायचा तर असा: गावाला आधी कळते, पण गावाचे कळणे वर पोहोचायला विश्वास लागतो, आणि वर पोहोचल्यावर त्याच दिवशी निघणारे पाऊल लागते. रँडच्या काळात विश्वास नव्हता, १९१८ मध्ये वेग नव्हता, १९९४ मध्ये ऐकणारे कोणी नव्हते. जामखेडला तिन्ही गोष्टी एका निरक्षर बाईच्या पायरीवर एकत्र आल्या.

३८.
उद्या सकाळी आशाताई दारात येऊन विचारेल, ‘घरात कोणाला ताप, खोकला, जुलाब?’ तिला दारातूनच ‘नाही’ म्हणून परतवणे सोपे असते. तसे करू नका. घरात कोणी आजारी असेल तर सांगा. शेजारी तिघांना एकदम जुलाब झाले असतील तर तेही सांगा. उंदीर मरून पडले असतील तर तेही. तिच्या वहीतल्या त्या एका रेघेवर कदाचित सारे गाव अवलंबून असेल.

(समाप्त. आपल्या गावात प्लेगच्या झोपड्यांची, मानमोडीची किंवा देवीच्या मोहिमेची आठवण घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, तर खाली अवश्य लिहा.)